दारात माड आहे, पाडेली नाही

पत्र गोव्याच्या सत्तरी तालुक्यातून आलंय. नाव, गाव छापत नाही, पण मजकूर थोडक्यात देते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल बोलतोय ते.

"काकी, आमच्या घरात तीन स्मार्टफोन आहेत, नेट पण आहे, तरी सगळ्यात मागे आम्हीच. सासूबाईंचे दयानंदचे (गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या पेन्शनचे) पैसे दोन महिने आले नाहीत. फॉर्मचं काही असलं की मी वाळपईला एका दुकानात जाते, तिथला मुलगा आधार, पासबुक, फोन सगळं घेतो, ओटीपी पण तोच बघतो, मला काही कळत नाही कारण सगळं इंग्लिशमध्ये. मुलगी बारावी झाली, एका कोर्सच्या फॉर्मची तारीख निघून गेली आणि आम्हाला कळलंच नाही, शेजारच्या मुलीने मात्र भरला. माझा भाऊ म्हणतो रील बघायला वेळ आहे तुम्हाला, फॉर्म भरायला नाही, आता फोन आहे, नेट आहे, तरी मागे राहिलात तर चूक तुमचीच. खरंच माझी चूक आहे का? आणि मुलीला हप्त्यावर लॅपटॉप घेऊन देऊ का?"

तू मला काकी म्हटलंस म्हणून मी तुला सरळ अगंतुगं करते.

तुझी चूक नाही. हे आधी सांगते कारण पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त तेच लागलं, की पेन्शन अडलं, फॉर्म गेला आणि त्याचं ओझं तू स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसलीस. मी ३१ वर्षं एका बँकेत काउंटरवर होते आणि हे ओझं मी खूप बायकांच्या चेहऱ्यावर बघितलंय.

एक प्रसंग सांगते. आमच्या शाखेत एटीएम आलं तेव्हा आम्हाला वरून सांगितलेलं की छोटी रक्कम काढायला येणाऱ्यांना मशीनकडे पाठवा, काउंटरवर गर्दी नको. एक म्हातारी यायची, अंगठा उठवायची, महिन्याला थोडे पैसे न्यायची, सगळ्यांची चौकशी करायची. तिला मीच कार्ड दिलं आणि मीच मशीनकडे पाठवलं. तिने बाहेर उभ्या असलेल्या एका पोराला कार्ड आणि पिनचा कागद दिला, दुसरं काय करणार होती ती. त्याने तिच्या हातात पैसे दिले आणि स्वतःसाठी पण काढले, हे पासबुक भरलं तेव्हा कळलं. ती माझ्यासमोर उभी राहून काय म्हणाली माहितेय? "मीच अडाणी गो बाय." मला माहीत होतं चूक कुणाची ते. तिला जमत होतं ते काउंटर आम्ही तिच्याकडून काढून घेतलं आणि जागी जे दिलं ते वापरायला शिकवायला कुणीच ठेवलं नाही. आणि अडाणी ठरली ती. तो दिवस मी विसरलेली नाही, हे सदर लिहायला लागले त्यालाही तो दिवस थोडा कारण आहे.

आता तुझ्या भावाचं म्हणणं घेऊ, कारण असं म्हणणारे खूप आहेत आणि ते वाईट मनाने म्हणतात असं पण नाही. त्यांना वाटतं २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आता सगळे सारखे झाले. तू सत्तरीतली, तुला माड माहीत. दारात माड आहे, वर नारळ लागलेत, पण पाडेली, म्हणजे वर चढून नारळ पाडणारा, नसेल तर त्या नारळांचं काय? शेजाऱ्याच्या दारातही तसाच माड, पण त्याच्या घरात वर चढणारं माणूस आहे. आता दोघांकडे माड आहे म्हणून दोघं सारखे, असं गावात कुणी म्हणणार नाही. फोनच्या बाबतीत मात्र सगळे तेच म्हणतात.

माझी भाची कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, तिच्याकडून मला याचं नाव कळलं, डिजिटल भांडवल. फ्रान्समध्ये पिएर बुर्द्यू म्हणून समाजशास्त्रज्ञ होते (१९३०-२००२), त्यांचं म्हणणं असं की भांडवल म्हणजे फक्त पैसा नव्हे, माणसाचं शिक्षण, भाषा, बोलण्याचं वळण हेही भांडवल आणि ओळखीपाळखी हेही भांडवल, आणि एक दुसऱ्यात बदलून घेता येतं. मास्सिमो राग्नेद्दा आणि मारिया लाउरा रुइउ या अभ्यासकांनी अलीकडे त्यात डिजिटल भांडवलाची भर घातली, म्हणजे तुझ्याकडे काय उपकरण आहे, नेट कसलं आहे आणि ते वापरायचं कसब किती आहे हे सगळं मिळून. त्यातली गोम अशी की ज्याच्याकडे आधीपासून पैसा, शिक्षण, ओळखी आहेत त्याला हे डिजिटल भांडवल पटकन जमवता येतं आणि मग त्यातून परत नोकरी, पैसा, ओळखी काढता येतात, आणि ज्याच्याकडे आधीचंच कमी त्याच्या हातात तोच फोन असला तरी त्यातून बाहेर काही येत नाही. म्हणून अभ्यासक आता तीन पायऱ्या धरतात, पहिली फोन-नेट आहे का, दुसरी वापरता येतं का, आणि तिसरी त्यातून आयुष्यात खरंच काही हाताला लागलं का. तुझा भाऊ पहिल्या पायरीवर उभा राहून बोलतोय. तुझी अडचण दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवरची आहे.

शेजारच्या मुलीचंच बघ ना. तू पत्रात पुढे लिहिलंयस की तिचे बाबा पणजीला ऑफिसात आहेत आणि मामा शिक्षक आहे. त्या कोर्सची सूचना वेबसाइटवर होती, म्हणजे सगळ्यांसाठीच होती. पण अमुक दिवसांत अमुक ठिकाणी असली सूचना लागते, लक्ष ठेव, हे वेबसाइट नाही सांगत, हे मामा सांगतो. तुझ्या मुलीला असं सांगणारा मामा नाही. (तिचा मामा म्हणजे तुझा हा भाऊच, आता बघ, तो कंपनीत आहे म्हणतेस, त्याला एकदा शांतपणे विचार की तुझा पीएफचा फॉर्म, तुझा टॅक्सचा फॉर्म कोण भरतं. ऑफिसातलं कुणीतरी भरत असणार किंवा निदान बाजूला बसून दाखवत असणार. त्याला मदत मिळते आणि ती इतकी सहज मिळते की त्याला ती मदत वाटत नाही. भांडू नको, फक्त विचार.)

बरं, गोवा पुढे आहे असं आपण नेहमी ऐकतो आणि ते आकड्यात खरं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, पाचव्या फेरीत, गोव्यात ७३.७ टक्के बायकांनी इंटरनेट वापरलंय आणि ८२.९ टक्के पुरुषांनी. देशाचा आकडा बायकांचा ३३.३ आणि पुरुषांचा ५७.१. अभिमान वाटावा असंच आहे. पण प्रश्न काय विचारलेला ते पण बघ, इंटरनेट कधी वापरलंय का, एवढाच. कधीतरी व्हॉट्सॲपवर फोटो बघितला तरी हो. आणि हे सगळं १५ ते ४९ वयाच्या माणसांचं. तुझ्या सासूबाई त्या आकड्यात नाहीतच, त्यांना कुणी विचारलंच नाही. पेन्शन मात्र त्यांचंच अडलंय.

आणि नेट आहे म्हणजे किती आहे, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्या सत्तरीतली, सांग्यातली पोरं रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसत होती हे तुला मी काय सांगायचं, तुझी मुलगी तेव्हा सातवी-आठवीत असेल. पणजीच्या पोराने त्या दोन वर्षांत घरात बसून, वायफायवर, स्वतःच्या कॉम्प्युटरवर जे कमावलं आणि डोंगरावर बसलेल्या पोरीने जे गमावलं ते आज बारावीनंतर असं फॉर्मच्या तारखेत बाहेर येतं. तेव्हा ती रील बघते म्हणून तिच्यावर रागावू नको. रील बघायला कुणी शिकवावं लागत नाही, ते ॲप स्वतःच शिकवतं, कारण त्यात त्यांचा फायदा आहे. फॉर्म भरायला शिकवण्यात कुणाचाच फायदा नाही म्हणून ते कुणी शिकवत नाही, एवढंच.

आता कामाचं.

सासूबाईंच्या पैशांचं आधी बघ, आणि दुकानात न जाता थेट त्यांच्या बँकेत जा, त्यांना जमत असेल तर त्यांना घेऊनच जा. पासबुक भरून घे, कारण निम्म्या वेळा उत्तर पासबुकातच असतं. मग काउंटरवर चार गोष्टी विचार आणि उत्तर कळेपर्यंत जागेवरून हलू नको. खात्याचं केवायसी संपलंय का, कारण काही वर्षांनी ते परत करावं लागतं आणि नाही केलं तर बँक व्यवहार अडवते. खात्याला मोबाइल नंबर कुणाचा लावलाय, कारण मी असे कितीतरी म्हातारे बघितलेत ज्यांच्या खात्याला दुकानवाल्याचा नाहीतर बाहेरगावी गेलेल्या मुलाचा नंबर आहे, मग मेसेज त्यांना येतच नाही. आधार कुठल्या खात्याला जोडलेलं आहे, हे फार महत्त्वाचं, कारण जे सरकारी पैसे आधारवरून येतात ते सगळ्यात शेवटी ज्या खात्याला आधार जोडलं त्यात जाऊन पडतात, मध्येच कुणी नवीन खातं काढून दिलं असेल तर पैसे येताहेत पण भलतीकडे, असं होतं. आणि चौथं म्हणजे हयातीचा दाखला पोचलाय का. हे चौथं बँकेत कळलं नाही तर समाजकल्याण खात्यात विचार. पैसे अडायचं कारण बहुतेक याच चारांत सापडतं.

हयातीचा दाखला फोनवरूनही देता येतो असं कुणी सांगेल. केंद्र सरकारच्या पेन्शनवाल्यांसाठी डिजिटल दाखल्याची सोय २०१४ पासून आहे, राज्याच्या योजनेला काय चालतं ते ऑफिसात विचारून घे. पण म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, शेतात काजूत राबलेल्या हातांचे तर जास्तच, मशीन घेत नाही. असं झालं तर "मशीन घेत नाही, आता काय करणार" यावर परत येऊ नको. त्यांच्या नावाने साध्या कागदावर अर्ज लिहून दे, मराठीत लिही, गोव्याच्या राजभाषा कायद्यात सरकारी कामाला मराठीलाही जागा आहे, १९८७ पासून. अर्जाची दुसरी प्रत घेऊन जा आणि त्या प्रतीवर शिक्का, तारीख घे. ही पोच म्हणजे आपलं भांडवल बरं का, हे कुठल्या ॲपशिवाय मिळतं. मुदतीत सेवा देण्याचा कायदा गोव्यात २०१३ पासून आहे, पण पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हेच दाखवता येत नाही.

आणि काउंटर मागायला लाजू नको. तू काही फुकटची भीक मागत नाहीस. २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्या लोकांना लसीसाठी कोविनवर नोंदणी सक्तीची केलेली तेव्हा सुप्रीम कोर्टानेच सरकारला विचारलेलं की खेड्यातल्या माणसाने काय करायचं. आणि ३० एप्रिल २०२५ ला तर त्याच कोर्टाने स्पष्ट म्हटलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ते प्रकरण ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध माणसांनी नेलेलं, बँकेच्या ऑनलाइन केवायसीत डोळे मिटून उघडा असं सांगतात आणि त्यांना ते शक्य नव्हतं. त्यांनी "आम्हालाच जमत नाही" म्हणून घरी न बसता हे तुमचं मशीन चुकीचं आहे असं कोर्टात जाऊन सांगितलं. हे मला फार मोठं वाटतं. तुझ्या सासूबाईंच्या झिजलेल्या बोटांनाही तेच लागू व्हायला हवं असं माझं मत आहे.

आता त्या दुकानातल्या मुलाबद्दल. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही, गावोगावी असे मुलगे आहेत म्हणून निम्म्या लोकांची कामं होतात आणि ते फी घेतात तर घेऊ देत. पण ओटीपी म्हणजे सही आहे. कोऱ्या कागदावर सही करून कुणाच्या हातात देशील का? तसंच हे. फोन तुझ्या हातात ठेव, मेसेज आला की आधी तो कशासाठी आलाय ते मुलीकडून वाचून घे, पैसे कटायचा मेसेज असेल तर द्यायचाच नाही, आणि फॉर्मचाच असेल तर आकडे तूच दाब. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, तुझ्या निष्काळजीपणामुळे म्हणजे ओटीपी देण्यामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुझं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून काही विचित्र दिसलं तर लगेच बँकेला आणि १९३० वर फोन, लाज वाटून दोन दिवस गप्प बसायचं नाही. सासूबाईंचं आधार ठशांसाठी लॉक करून ठेवता येतं, म्हणजे कुणी परस्पर अंगठा घेऊन पैसे काढू शकत नाही, तेही करून घे, फक्त दाखल्याच्या वेळी परत उघडावं लागेल ते लक्षात ठेव.

इंग्लिशचं म्हणशील तर फोनमध्ये गूगल लेन्स आहे, इंग्लिश कागदावर धरलं की मराठी दाखवतं, भाषांतर कधी कधी वेडंवाकडं येतं पण कशाबद्दल विचारलंय तेवढं कळतं. आणि मराठीत बोललं की टाइप होतं. पहिल्यांदा मुलीला बाजूला बसवून कर.

लॅपटॉप आत्ता नको. तू हप्ता किती ते लिहिलं नाहीस पण मी बँकेतली बाई, मला हप्त्याची घरं माहीत आहेत. गृहआधारचे, म्हणजे सरकार गृहिणींना महिन्याला देतं ते, १५०० त्यात जातील आणि वर आणखी घालावे लागतील. कोर्समध्ये ॲडमिशन झाली, तिथे रोज लागतोच असं कळलं, तर तेव्हा बघ, सेकंड हँड बघ, कॉलेजच्या लॅबमध्ये बसता येतं का ते विचार. लॅपटॉप म्हणजे दारात आणखी एक माड. मुलीला आत्ता हवंय ते माणूस, आणि ते तुला विकत घ्यायचं नाही, शोधायचं आहे. तिच्या शाळेतल्या कुठल्या टीचर तिच्याशी बऱ्या होत्या? त्यांच्याकडे जाऊन सरळ विचार की बारावीनंतरचे कुठले कुठले फॉर्म कधी येतात, ते सगळे कॅलेंडरवर लिहून घे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. शेजारच्या मुलीलाही विचार, तिने काही तुझं चोरलेलं नाही, दोघी मिळून बघतील तर दोघींचं होईल. पुढच्या वर्षी तो कोर्स परत येईलच, यंदा दुसरं काही सुरू ठेवता येईल.

आणि एक गोष्ट मला तुझ्या मुलीबद्दल वाटते. रील बघता बघता ती बनवतही असणार, आणि रील बनवणारी पोर व्हिडिओ कापते, आवाज लावते, पाहिजे ते दोन मिनिटांत शोधून काढते. कसब तिच्याकडे आहे, ते कुठे वळवायचं एवढंच तिला कुणी दाखवलं नाही. तुमच्या वाड्यावर तुझ्यासारख्या किती जणी असतील, सेल्फ हेल्प ग्रुप असेलच, आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा, देवळाच्या मंडपात बसा, ती आणि शेजारची मुलगी दोघी दाखवतील, एका वेळी एकच काम, या आठवड्यात बँकेचा मेसेज वाचणं, पुढच्या आठवड्यात वीजबिल. पण तिला फुकट राबवू नका. ग्रुपने तिला थोडे पैसे द्या, ते तिचं पहिलं कमावलेलं असेल.

हे सगळं बायकांनीच आपापसात निस्तरायचं असंही मला म्हणायचं नाही. मुक्तीनंतर १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, गावागावात प्राथमिक शाळा निघाल्या, तेव्हा नुसत्या पाट्या वाटून सरकार परत गेलं नाही, शाळेला मास्तर दिला, कित्येक मास्तर महाराष्ट्रातून आणले. म्हणून माझी आई पस्तिशीत का होईना पण सही करायला शिकली, त्या मास्तरांकडे संध्याकाळी जाऊन. आज सेवा ऑनलाइन केल्या, काहींना टॅबलेट कॉम्प्युटर दिले, मास्तर दिला नाही. तेव्हा पुढच्या ग्रामसभेला जा, एकटी नको, पाच-सहा जणी जा, आणि मागणी लेखी द्या की आठवड्यातून एक दिवस पंचायत ऑफिसात फॉर्म भरून द्यायला आणि शिकवायला माणूस बसवा, मराठी-कोंकणी बोलणारं, पैसे न घेणारं. ठराव इतिवृत्तात लिहिला का ते तिथेच विचारा. सरपंच म्हणतील की सगळं आता फोनवर होतं, तेव्हा सासूबाईंचं पासबुक दाखव, दोन महिन्यांची रिकामी ओळ त्यांना वाचायला दे.

बँकेत सोमवारी जाऊ नको, गर्दी असते. मंगळवारी सकाळी जा, पासबुक, आधार आणि सासूबाईंचा फोन घेऊन. काय सांगितलं ते मला कळव, अडलं तर त्या पोच घेतलेल्या अर्जाचा फोटो पाठव, मी बघते पुढचं पत्र कुणाला लिहायचं ते.